लंगडीकडे बघायचं नाही

दादा, चाणोदला तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा घाटावर सगळ्यांत जास्त मी घाबरलो होतो. पिंड मांडून पाऊण तास झाला होता. ऊन चढत होतं, गुरुजी सारखे घड्याळ बघत होते आणि समोरच्या पिंपळावर चार कावळे नुसते बसून होते. मग आपल्याकडे होतं तेच सुरू झालं. एकेक जण पुढे होऊन तुला शब्द देऊ लागला. सुनंदावहिनी म्हणाल्या, केतकीची काळजी करू नका. बापूकाका म्हणाले, सुनंदाला आम्ही एकटं पडू देणार नाही. कावळे ढिम्म. मी मागे चपलांच्या ढिगापाशी उभा होतो. तुझं काय अडलंय ते माझ्या पोटात आहे असं मला वाटत होतं, आणि ते चारचौघांत बोलायची माझी छाती नव्हती.

तेवढ्यात तुझी लेक पुढे झाली. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत, तू समोर बसला असावास तशी बोलली. "पप्पा, तुमचा फिशिंग रॉड माळ्यावर नाही जाणार. मी जाईन तळ्यावर. लंगडी मी चालवीन. आणि पहाऱ्याला हेमंतकाका असतील, मग तर तुम्हाला काळजी नाही ने?"

आणि एक कावळा उतरला. इकडेतिकडे न बघता सरळ पिंडाला शिवला. सगळ्यांनी हुश्श केलं, वहिनी रडायला लागल्या, बापूकाकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दादा, एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही आणि एक गोष्ट तू मला वहिनींना सांगू दिली नाहीस. त्या दोन्हींच्या जोरावर तुझी मुलगी आता मगरीच्या पाण्यापाशी जाणार होती.

मी भित्रा आहे हे तुला नव्याने काय सांगायचं. लिफ्टमध्ये मी एकटा चढत नाही. उत्तरायणाच्या आठवड्यात मांज्याच्या धास्तीने गळ्याला दोन मफलर गुंडाळून शाळेत शिकवायला जातो आणि मुलं हसतात. तू मला भित्री भागूबाई म्हणायचास, तेही माझ्या बायकोच्या देखत. आपल्या बडोद्यात मगर म्हणजे काही नवल नाही. पावसाळ्यात विश्वामित्री फुगली की एखादी कुणाच्या तरी पार्किंगमध्ये निघते आणि लोक चहाचे कप हातात घेऊन बघायला उभे राहतात. त्या गर्दीतही मी दुसऱ्या मजल्यावरून बघणारा. असा मी, चुलतभाऊ का होईना, पण तुझ्याबरोबर अकरा वर्षं दर रविवारी सकाळी तळ्यावर येत होतो. का येत होतो ते तू कधी विचारलं नाहीस. तू एकट्याने जाशील याची भीती जास्त होती, म्हणून येत होतो.

आपलं तळं वाघोडियाच्या पुढे, आत वळल्यावर. दगडी ओवारा, म्हशींची घसरण, उजव्या हाताला कमळाची पानं आणि त्यांच्या पलीकडे मोकळं पाणी. डाव्या हाताला बाभळी, त्यांच्या सावलीत काळं, खोल पाणी. सरपंचांना तू पहिल्याच वर्षी विचारून ठेवलं होतंस. त्यांनी परवानगी दिली आणि बाभळींकडे बोट दाखवून म्हणाले, "ए बाजु मगर छे, हं. एनुं घर छे." तू मान डोलावलीस. मी त्या दिवशी गाडीतून उतरलोच नाही.

लंगडीचा जन्म त्याच ओवाऱ्यावर झाला. बगळ्याच्या चोचीतून एक मासोळी सुटली आणि पाण्यावर पडली. तिला ना बुडता येईना ना पोहता. एका अंगावर आडवी होऊन ती डावीकडे वळायची, उजवीकडे वळायची, मग दम लागल्यासारखी थांबायची आणि नुसती थरथरायची. सगळं तळं तिच्याकडे वळल्यासारखं झालं. पानांखालून एक लाट निघाली, पाणी फुटलं, आणि मासोळी नाही. मरळ होती. तू "अरे वा!" म्हणालास आणि मी मात्र तोंड फिरवलं. त्यानंतर चार महिने तू त्या मासोळीच्या मागे होतास. मोडक्या चौरंगाचा सागवानी पाय तासलास, शेपटीकडे भोक पाडून सायकलचे छर्रे भरलेस, म्हणजे ती पाण्यावर तिरकी बसेल. पोटाला वहिनींची चंदेरी नेलपॉलिश, कल्ल्यापाशी लाल ठिपका. बाजारात रंगीत लुअर, म्हणजे गळाचे खोटे मासे, मिळत होते, पण तुला हवी होती ती चाल कुणालाच जमत नव्हती. रॉडचं टोक तीनदा खाली झटकायचं, दोरी सैल सोडायची, मग थांबायचं. किती थांबायचं हे तू कधी मोजून सांगितलं नाहीस. "थकली आहे ती, तिला दम खाऊ दे," म्हणायचास. बिचारी लाकडाची लंगडी दम खायची आणि माझा श्वास अडकायचा.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, दादा, हा मार खाल्लेल्या जिवाचा आवाज आहे. मरळीला ऐकू जातो, तसा बाभळीखाली नाही का जात? तू हसायचास. "हेम्या, एवढ्याशा घासासाठी ती जाडी कशाला उठेल?" मी म्हणायचो, घास बघायला तरी उठेल. तू म्हणायचास, मी तर मासा सोडून देतो, माझं पाप काय? मी पापाबद्दल बोलतच नव्हतो, मी पाण्याबद्दल बोलत होतो. पण तुला माझ्या भीतीचं उत्तर द्यायचं होतं, म्हणून तू पहारा काढलास.

तो पहारा तू नंदेसरीहून, तुझ्या नोकरीवरून आणलास. कंपनीत टाकी साफ करायला एक माणूस आत उतरतो तेव्हा मॅनहोलपाशी दुसरा उभा असतो. फोन बघायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, चहा आला तरी मान वळवायची नाही. आतल्याला काही दिसत नाही, म्हणून बाहेरच्याने बघायचं. तीस वर्षं तू ते करत आणि करवत आलास. मला ओवाऱ्याच्या वरच्या पायरीवर उभं केलंस, तोंड बाभळींकडे, पाठ मोकळ्या पाण्याकडे. "दोनच नियम," म्हणालास. "लंगडीकडे बघायचं नाही. आणि संशय आला की ओरडायचं, मग खोटं निघालं तर निघालं." वर चेष्टाही केलीस, की आपले पणजोबा सरकारी फौजेत होते, पाणीगेटच्या दरवाज्यावर पहारा द्यायचे, आयुष्यात एकही लढाई त्यांनी बघितली नाही आणि तरी पेन्शन घेतली. घराण्याला शोभेल असंच काम तुला मिळालंय, हेम्या, म्हणालास.

आता ती गोष्ट. तीन वर्षं झाली. भाद्रपदातली सकाळ, तळं काठोकाठ. पानं ओवाऱ्यापर्यंत पसरली होती म्हणून तू गुडघाभर पाण्यात उतरला होतास. मी बाभळींकडे बघत होतो, खरंच बघत होतो, कितीतरी वेळ. पण मागून लंगडीचा आवाज यायला लागला. चुळुक, चुळुक, चुळुक, आणि मग काही नाही. त्या दिवशी तुझा हात असा लागला होता की मला राहवलं नाही. मी वळलो. फक्त एकदा, असं मनाशी म्हणून वळलो. ऊन तिच्या चंदेरी पोटावर होतं, ती वळत होती, थांबत होती, कापत होती. ती लाकडाची आहे हे मी विसरलो. मला तिची कीव आली, दादा. पहाऱ्यावरचा माणूस लाकडाच्या मासोळीसाठी कळवळून उभा होता.

परत तोंड फिरवलं तेव्हा मगर बाभळीखालून निघून अर्ध्या वाटेवर आली होती. दोन उंचवटे, त्यांच्या पुढे नाकाचा एक. पाण्यावर रेघसुद्धा उमटत नव्हती. तुझ्या मांड्यांपासून पंधरा हातांवर. मी तोंड उघडलं. आवाज नाही. घसा कुणी आवळून धरला असावा तसा नुसता वारा बाहेर पडत होता. मी हातातली पाण्याची बाटलीसुद्धा फेकली नाही. उभा होतो आणि बघत होतो. बारा हात. दहा हात. आणि तेवढ्यात लंगडीच्या गळात शेवाळाचा गोळा अडकला, तू एक शिवी हासडलीस आणि तो सोडवायला म्हणून वळून पायऱ्या चढलास. कोरड्या दगडावर तुझा दुसरा पाय टेकला, तेव्हा माझ्या तोंडून "मगर!" निघालं. तू मागे बघितलंस. पाण्यात एक मोठं वर्तुळ विरत होतं.

तू खाली बसलास. मग हसायला लागलास, मला मिठी मारलीस, तुझ्या ओल्या विजारीचा वास मला अजून आठवतो. घरी पोचेपर्यंत गोष्ट बदलली होती. वहिनींना तू सांगितलंस, हेमंतने हाक मारली, मी वळलो आणि वाचलो. मला वाटलं, आत्ता सांगावं. वहिनींनी माझ्यासमोर श्रीखंडाची वाटी ठेवली. म्हणाल्या, "भाऊजी, यापुढे तुम्ही असाल तरच ह्यांना सोडीन." मी श्रीखंड खाल्लं. त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तू ती गोष्ट सांगायचास आणि दर वेळी माझा आवाज जरा मोठा व्हायचा. शेवटी शेवटी तर म्हणे तो गावात ऐकू गेला होता. तू खोटं बोलत नव्हतास, तुझा त्यावर विश्वास बसला होता. मला कुणीतरी पहिल्यांदाच शूर म्हणत होतं आणि मी ते घेत राहिलो.

तू पुन्हा पाण्यात उतरला नाहीस, एवढं तरी शहाणपण केलंस. पण दर रविवारी माझ्या भरवशावर ओवाऱ्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहायचास, आणि मी वरच्या पायरीवर मनात म्हणायचो, आज जर ती आली तर आज तरी आवाज फुटू दे. तीन वर्षं मी हेच म्हणत उभा राहिलो. लंगडीकडे पुन्हा कधी बघितलं नाही.

आणि मग ती आली, पण पाण्यातून आली नाही. तू गेलास त्याच्या तीन आठवडे आधीचा रविवार. गाडीकडे जाताना चढावर तू थांबलास, म्हशींच्या दावणीच्या दगडावर बसलास. कपाळावर घामाचे थेंब, एक हात जबड्यावर. मी विचारलं तर म्हणालास, "गॅस झालाय. फाफडे जास्त झाले काल." मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तू म्हणालास, "बस ने आता. सुनंदाला बोलू नकोस हं, रॉड काढून घेईल." मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. नियम मला पाठ होता, संशय आला की ओरडायचं. घरी आलो, वहिनींनी दार उघडलं, विचारलं, काय मिळालं आज? मी म्हटलं, काही नाही. का नाही बोललो ते खरं सांगतो. तू रागावशील ही भीती होती, पण त्याहून मोठी भीती ही होती की माझे रविवार संपतील. तीन आठवड्यांनी गुरुवारी सकाळी कंपनीच्या बसची वेळ झाली होती, एक बूट तुझ्या पायात होता, एक हातात, आणि तू खुर्चीवरून वाकलास तो वाकलासच. रिटायर व्हायला आठ महिने उरले होते.

तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे आज सकाळी, साडेसहाला खाली हॉर्न वाजला. केतकी. गाडी तुझी, मागच्या सीटवर रॉड, डॅशबोर्डवर डबीत लंगडी. अलकापुरीतल्या ऑफिसात दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी ही मुलगी, तू गच्चीवर टबात पाणी भरून तिला चाल शिकवलीस तेवढीच तिची शाळा. तळ्यावर तिला तू कधी नेलं नाहीस. मी पोट बिघडल्याचं सांगणार होतो, पाठ करून ठेवलं होतं. खाली उतरलो आणि तिने आतून दार उघडून दिलं, तुझ्यासारखंच, डाव्या हाताने. मी बसलो.

वाघोडियाच्या नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा मी तिला सांगितलं. आधी मगरीचं. मी वळलो होतो, मला आवाज फुटला नाही, तुला शेवाळाने वाचवलं. ती ऐकत होती, कप हातातच होता. मग दगडावर बसल्याचं सांगितलं. घाम, जबडा, सगळं. तिने कप खाली ठेवला.

"किती दिवस आधी?"

"तीन आठवडे."

तिने तोंड रस्त्याकडे फिरवलं. एक छकडा गेला, दुधाची गाडी गेली. तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. मला वाटलं, आता ही उठेल, गाडी वळवेल, आणि पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. तसं झालं असतं तर मी काही म्हणू शकलो नसतो.

"काका," ती शेवटी म्हणाली, "मम्मीला तुम्ही सांगायचं. आजच. मी बाजूला बसेन, पण बोलायचं तुम्ही."

"हो."

"मला तुमचा खूप राग आलाय."

"हो."

"पप्पांचा पण." तिने डोळे पुसले, ओढणीने नाही, मनगटाने, तू पुसायचास तसे. "चला हवे, निघू आता. ऊन चढलं की मरळ खाली जाते ने."

मी म्हटलं, "एवढं ऐकून तू मला पहाऱ्याला उभं करणार?" ती म्हणाली, "मग दुसरं कोण आहे? पप्पांचा नियम तुम्हालाच माहीत आहे. आणि तुम्ही परत वळणार नाही."

वरच्या पायरीवर उभा राहिलो. तोंड बाभळींकडे. सावलीतलं पाणी तसंच काळं, तसंच स्वस्थ. मी तिला चार वेळा सांगितलं होतं, शेवटच्या कोरड्या पायरीच्या खाली पाऊल टाकायचं नाही. मागे रीळ फिरलं, दोरी सुटली, दूर कुठेतरी लंगडी पाण्यावर पडली. पहिल्या दोनतीन फेका बिघडल्या, मला आवाजावरून कळलं. नुसतीच ओढत होती, घाई करत होती. मग ती थांबली. आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा, दादा, तू होतास. चुळुक, चुळुक, चुळुक. मग काही नाही. तेवढंच थांबणं, तोच दम, जो तू कुणाला मोजून सांगितला नव्हतास. माझ्या पाठीमागे वीस पावलांवर तू उभा होतास आणि मी मान वळवली असती तर तुझी टोपी, तुझा वाकलेला खांदा दिसला असता. इतकी इच्छा मला आयुष्यात कशाची झाली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही मी हात उचलला नाही, कारण तेवढ्यात डोळे झाकले गेले असते. बाभळींकडे बघत राहिलो.

मग आवाज बिघडला. दोरीला झटके बसले, केतकी पुटपुटली, "अटकली." लंगडी कमळाच्या देठात अडकली होती. मी ओरडून सांगणार होतो की राहू दे तिला, तोड दोरी. पण तुझ्या हातची एकच ती, आणि मला ऐकू आलं, पाण्यात पाऊल पडलं. मग दुसरं. आणि त्याच क्षणी बाभळीच्या सावलीत, काळ्या पाण्याच्या कडेला, एक लांबट, खरखरीत पाठ हळूच वर आली.

घसा आवळला गेला. तोच हात, तीच पकड. पंधरा हात नव्हते, तीस असतील, पण मला अंतर कळत नव्हतं. मला तुझा जबड्यावरचा हात दिसला, वहिनींनी उघडलेलं दार दिसलं, मी म्हटलेलं "काही नाही" ऐकू आलं.

"बाहेर!"

तो आवाज माझा होता. ओवाऱ्यावरचे बगळे उडाले, पलीकडच्या काठावर कपडे धुणारी बाई उभी राहिली. केतकीने काय आहे, कुठे आहे, काही विचारलं नाही. दोरी हातातून सोडली आणि पायऱ्या चढून माझ्या मागे येऊन उभी राहिली. आम्ही दोघं बघत राहिलो. ती पाठ वाऱ्याने हळूहळू फिरली, तिच्यावर एक तुटलेली फांदी दिसली, फांदीला शेवाळ.

लंगडी तिथेच आहे, कमळात. पुढच्या रविवारी काठी घेऊन काढू म्हणाली केतकी, काठावरूनच. मला घराशी सोडताना म्हणाली, "सहाला येते, मम्मीकडे जायला." आता सहाला दहा कमी आहेत, म्हणून हे घाईने लिहितोय. वहिनी काय म्हणतील माहीत नाही. श्रीखंडाची ती वाटी मला परत करायची आहे आणि ती कशी करतात ते मला ठाऊक नाही.

लाकूड होतं ते, दादा. बाभळीचं जुनं खोड. पण ओरडलो तेव्हा मला ते माहीत नव्हतं.